शेळीला सांगितलेलं

लग्न होऊन एकवीस वर्षं झाली होती आणि तोवर मी सासऱ्यांशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं. आमच्याकडं सून सासऱ्याशी बोलत नाही, एवढंच. घरात येण्याआधी ते दारात खाकरायचे, मी पदर पुढं ओढून आत सरकायची. सासू होती तोवर निरोप तिच्या तोंडून जायचे. ती गेल्यावर माझ्या मुलीच्या तोंडून. नवरा सकाळीच शेतात जायचा आणि मुलगी शाळेला गेली की घरात आम्ही दोघंच उरायचो, आणि ओसरीच्या मेढीला बांधलेली शेळी. मग ते शेळीशी बोलायचे.

"शेळे, पाणी तापलं का न्हाई अजून?" असं आलं की मी बादली उचलून न्हाणीपाशी ठेवायची आणि आत यायची. "शेळे, कालच्या भाजीत मीठ लई होतं," असं आलं की दुसऱ्या दिवशी हात आखडता घ्यायची. शेजारी नवऱ्याची चुलती राहते, तिला याचं फार हसू यायचं. "तुही शेळी लई गुणाची हाय वो," ती मला म्हणायची, "सैपाक करते, पाणी तापवते. दूध देते का न्हाई ते इचारलं पाहिजे." मलाही हसू यायचं. पण त्या बोलण्यात एक सोय होती. ते मागायचे आणि त्यांना मिळायचं, आणि दोघांनाही मान वर करावी लागत नव्हती.

गावातल्या बुद्धविहाराची किल्ली सासऱ्यांकडं होती. पहाटे अंघोळ करून, पांढरं धोतर नेसून ते जायचे, विहार झाडायचे, मेणबत्ती लावायचे आणि ऊन वर येईपर्यंत पायरीवर बसायचे. जाणारे-येणारे त्यांना जयभीम घालायचे. सगळा जन्म दुसऱ्याच्या बांधावर राबलेल्या माणसाला लोक थांबून हात जोडत होते. त्या दोन तासांसाठीच ते जगत होते, असं मला वाटायचं. आणि ते दोन तास हातातून कसे जातात तेही त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांचे थोरले भाऊ एकदा अंगणात पडले. लेकांनी त्यांना बाजेवर बसवलं, म्हणाले, आता हितून हलायचं न्हाई. ते हललेच नाहीत. दोन वर्षं बाजेवर काढली आणि बाजेवरूनच गेले. माझा नवराही अधूनमधून म्हणायला लागला होता, "बाबा, किल्ली देऊन टाका आता कोणाला. वय झालं." सासरे उठून जायचे.

ते पहिल्यांदा पडले ते न्हाणीच्या दगडावर. पोळा जवळ आला होता. मी चुलीपाशी होते, बादलीचा आवाज आला म्हणून दारात आले. ते एका हातावर आणि गुडघ्यावर होते. मी तिथंच थांबले, पुढं जाता येईना. ते आपले आपण उठले, भिंतीला धरून उभे राहिले, कोपरातून रक्त येत होतं. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. बराच वेळ श्वास घेत उभे होते. मग म्हणाले, "शेळे, हे कोणाला सांगू नको."

मी सांगितलं नाही. हळद-चुना कालवून वाटी बाजेजवळ ठेवली आणि दुपारी विटेच्या तुकड्यानं त्या दगडावरचं शेवाळ घासून काढलं. बोटं सोलली. संध्याकाळी नवरा म्हणाला, "आज दगड लई पांढरा दिसून राहिला." मी म्हटलं, घाण झाला होता.

मला वाटलं होतं, शेवाळ गेलं म्हणजे झालं. पण दुसऱ्यांदा ते कोरड्या जमिनीवर पडले, ओसरीत, बाजेवरून उठता उठता. पडले म्हणजे बसल्यासारखे झाले. डोळे मिटलेले होते. थोड्या वेळानं उघडले आणि इकडं-तिकडं पाहिलं, आपण कुठं आहोत ते शोधत असल्यासारखं. त्या दिवशी शेळीला काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर मी त्यांच्याकडं लक्ष ठेवायला लागले. एकाच घरात इतकी वर्षं राहून मी त्यांचे पाय सोडून काही नीट पाहिलं नव्हतं. आता दिसायला लागलं. बाजेवरून उठले की मेढ धरून उभे राहायचे, जसं काही कोणाची वाट पाहतायत. मान खाली. मग एक पाऊल, मग दुसरं. उशाशी मी तांब्या भरून ठेवायची तो संध्याकाळी भरलेलाच असायचा. पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठलं की घेरी येते, म्हणून त्यांनी पाणीच तोडलं होतं. रक्तदाबाची गोळी मात्र सकाळी न चुकता घ्यायचे, कोरड्या घोटानं.

आरोग्य केंद्राची बाई एकदा कागद घेऊन घरोघर फिरत आली. म्हाताऱ्या माणसांची माहिती लिहून घेत होती. "आजोबा, चक्कर-बिक्कर येते का? पडला होतात का कधी?"

"मी काय लेकरू हाय का पडाया?" सासरे म्हणाले.

ती हसली आणि माझ्याकडं वळली. "ताई, खरं बोलून राहिले का आजोबा?"

मी दाराच्या आड होते. सासरे शेळीकडं बघत होते. मी म्हटलं, "मला न्हाई ठाऊक." तिनं कागदावर काहीतरी केलं आणि पुढच्या घरी गेली. एवढंच तर सांगायचं होतं. ती बाई माझ्याच वयाची, तिच्याशी बोलायला कसलाही पदर आड येत नव्हता.

सोयाबीनच्या काढणीत ते तिसऱ्यांदा पडले. सगळं गाव शेतात होतं. मी भाकरी बांधून निघणार तेवढ्यात धप्पकन आवाज आला. बाजेच्या पायाशी ते एका कुशीवर पडले होते. एक पाय वेडावाकडा, बाहेर वळलेला, दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. ओरडले नाहीत. तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. मी नवऱ्याला फोन लावला. मळणीयंत्राच्या आवाजात त्याला ऐकू जाणार नव्हतं हे मला माहीत होतं, तरी तीनदा लावला. मग पळत रस्त्यावर गेले. चुलतीच्या घराला कडी होती. एक ट्रॅक्टरवाला दिसला, त्याला ओरडून सांगितलं की शेतात जाऊन माणसं आण. इतक्या मोठ्यानं मी त्या गावात कधी बोलले नव्हते.

परत आले तर त्यांनी तोंड भिंतीकडं केलं होतं आणि हातानं धोतर पायांवर ओढत होते. ओढलं जात नव्हतं. धोतर भिजलं होतं. पाण्यानं नाही. वास येत होता.

"शेळे," ते भिंतीला म्हणाले, "लोक येतील."

एवढंच. शेळी तर चरायला गेलेली होती.

मला त्यांना शिवता येत नव्हतं. शिवून तरी काय केलं असतं, तो पाय पाहून मी भ्याले होते. कोपऱ्यात भरलेली घागर होती. ती मी उचलली आणि त्यांच्या कमरेपासून खाली ओतली, उरलेलं जमिनीवर, आणि घागर तिथंच आडवी टाकली. ते थंड पाण्यानं शहारले. मग डोळे मिटून घेतले.

माणसं आली. पाहताक्षणी म्हणाली, "पाण्यावरून घसरला म्हातारा." चुलती माझ्यावर आली, "वाटंत घागर काहून ठेवली वो? म्हाताऱ्या माणसाचं घर हे." नवऱ्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं, ते पाहणं मला अजून आठवतं. मी मान खाली घातली. माझ्यावर येतंय ते बरंच आहे, असं तेव्हा वाटलं. बाजेसकट उचलून त्यांना जीपमध्ये घातलं आणि हिंगोलीला नेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसे पडले. चार जण एकदम म्हणाले, पाण्यावरून घसरले. तसंच लिहिलं गेलं. पाण्यावरून घसरलेल्या माणसाला आणखी काय विचारायचं? खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करून तिथं धातूचा गोळा बसवला. घरी सोडताना सांगितलं की फरशी कोरडी ठेवा, वॉकर घेऊन हळूहळू चालवा, रक्तदाबाची गोळी चालू ठेवा. मी दिवसातून चार वेळा जमीन पुसायची. एक थेंब राहू देत नव्हते. नवऱ्यानं न्हाणीपर्यंत बांबू बांधून दिला धरायला. सगळं केलं आम्ही. फक्त ते का पडतात ते मलाच माहीत होतं आणि मी जमीन पुसत होते.

ते चालायला लागले. वॉकरचा ठक-ठक आवाज ओसरीत ऐकू यायचा. दिवाळी झाल्यावर एकदा मुलीला म्हणाले, "तुह्या बापाला म्हणावं, किल्ली माह्याजवळच राहू दे. महिन्याभरात जातो मी." गावातले दोघं-तिघं रोज किल्ली घेऊन जायचे आणि आणून द्यायचे. ते उशाखाली ठेवायचे.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ते बाजेवरून उठले, वॉकर धरला आणि वॉकरसकट समोर कोसळले. जमीन कोरडी होती. त्या दिवशी नवरा घरी होता, त्यानं डोळ्यांनी पाहिलं.

या वेळी दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. सासरे स्ट्रेचरवर, डोळे उघडे. मी पायाशी उभी. डॉक्टरनं विचारलं, "याच्या आधी किती वेळा पडले?"

नवरा म्हणाला, "एकदाच. पाण्यावरून घसरले होते. आज वॉकर सरकला."

"तीनदा," मी म्हटलं.

नवरा वळला. डॉक्टरनंही वर पाहिलं. माझा पदर कपाळाच्या खाली होता, त्यातून मला फक्त स्ट्रेचरची कड दिसत होती. मी म्हटलं, "पाणी नव्हतं. पाणी मी ओतलं, ते पडल्यावर. उठताना त्याहिला घेरी येते. लई दिवस झाले. पाणी बी पीत न्हाईत."

"पडल्यावर पाणी कशाला ओतलं?"

ते मी सांगितलं नाही. ते अजून कोणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टरनं निजवून रक्तदाब मोजला, मग नर्सनं त्यांना धरून बसतं केलं आणि पुन्हा मोजला. आकडा खाली आला होता. "हे पडत नव्हते, यांचा दाब पडत होता," तो नर्सला म्हणाला. गोळी बदलली, पाणी पाजायला सांगितलं. चार दिवसांत घेरी थांबली. पण खुब्यात बसवलेल्या गोळ्याच्या खाली हाड पुन्हा मोडलं होतं, आणि या वयात परत टेबलावर घेणं झेपणार नाही असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. घेरी गेली तेव्हा उभं राहायला पाय उरला नव्हता.

परत येताना जीपमध्ये नवरा म्हणाला, "एवढं सारं ठाऊक होतं तर तोंडाला काय कुलूप होतं?" दवाखान्यातून निघताना मी नर्सला हळूच विचारलं होतं, आधी सांगितलं असतं तर वाचला असता का पाय? ती म्हणाली, "काय सांगता येत न्हाई, बाई." मला तिचं चांगुलपण कळलं. पण आरोग्य केंद्राची बाई दारात उभी होती तो दिवस मी शंभरदा आठवून पाहिला आहे, आणि त्यात मी दर वेळी गप्पच असते.

त्याच आठवड्यात नवऱ्यानं किल्ली दुसऱ्याला दिली. सासऱ्यांनी उशाखालून स्वतः काढून दिली.

त्यांनी शेळीशी बोलणं बंद केलं. तहान लागली तरी नवरा शेतातून येईपर्यंत थांबायचे, ओठ सुकलेले. मी न विचारताच चमच्यानं पाणी पाजायला लागले. आता शिवल्याशिवाय चालणार नव्हतं. मी पदर ओढून जायची आणि ते डोळे मिटायचे. धुणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं ते डोळे मिटून करून घ्यायचे. उघडे ठेवले असते तर मला ते करता आलं नसतं, आणि हे त्यांना कळत होतं. रागानं मिटत होते की माझ्यासाठी, ते मी ठरवू शकले नाही. दोन्ही असेल.

होळीच्या आधी पाठीला जखमा झाल्या. एका दुपारी एकटीनं कूस बदलत होते, चादर जखमेला चिकटली होती, मला दिसलं नाही, मी ओढली.

"हळू," ते म्हणाले.

डोळे उघडे होते. भिंतीकडं नव्हते, शेळीकडं नव्हते.

"व्हय, मामा," मी म्हटलं, आणि तांब्यातलं पाणी चादरीवर थोडं थोडं सोडत ती सुटी केली. त्याला बराच वेळ लागला. ते बघत होते.

त्यानंतर चार दिवस ते होते. दुसरं काही बोलले नाहीत.