काठी हलवू नकोस

मोटरसायकलच्या सीट शिवण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. गिऱ्हाइकाला गाडीवर बसवायचं, बाजूला उभं राहून डोळे बारीक करायचे आणि सांगायचं, "मागचा फोम जरा कमी करू, कंबर दुवा देईल." गळ्यातली फीत नुसती शोभेला. लोक त्यांना सीटमास्तर म्हणत. आणि नेमकी या मास्तरांच्याच पाठीने त्यांच्याकडे पाठ फिरवली. आजार हाडांचा होता. एकेक मणका आखडत गेला, मग मानही आखडली. डॉक्टरांनी औषधं दिली, व्यायाम दिला आणि वाकून गाडी चालवायची नाही, अशी ताकीद दिली. मास्तरांनी त्यातला 'वाकून' एवढाच शब्द घरी आणला.

"न वाकता चालवली तर?" ते बायकोला म्हणाले. "उंच हँडल बसवू."

"बसवा. पण हे शेवटचं हं. नाही जमलं तर गाडी विकायची."

मास्तरांनी मान्य केलं. दुसऱ्याच्या मागे बसून दुकानात जायच्या नुसत्या कल्पनेने त्यांच्या अंगावर काटा यायचा.

अडलं ते मापावर. मास्तरांची नजर चालायची ती बाजूने, आणि स्वतःला बाजूने बघणार कसं? शेवटी त्यांनी बायकोला गाडीवर बसवलं. उंचीला दोघं सारखीच. तिच्या हातात झाडूची काठी आडवी दिली.

"माझ्यासारखी बस."

ती बसली. पाठ फळीसारखी, हनुवटी पुढे, खांदे कानांना टेकायला आलेले. मास्तर बघतच राहिले.

"मी असा बसतो?"

"जेवतानासुद्धा."

मास्तरांना ते लागलं. पण जातिवंत कारागीर. दुःख करायचं तेही माप घेऊन झाल्यावर! "बरं, आता मागे बघ," ते म्हणाले.

तिने मान वळवलीच नाही. हुबेहूब त्यांच्यासारखी अख्खी वळली आणि तिच्याबरोबर काठीही गर्रकन फिरली. मास्तरांना आधी हसू आलं, मग राग.

"अगं, काठी हलवू नकोस! माप चुकतंय."

ओळखीच्या वेल्डरने पाइप वाकवून दिला. जिन्याखाली गाडी लावून मास्तरांनी जुनं हँडल काढायला घेतलं आणि पहिलाच नट खाली पडला. तो काही त्यांना उचलता येईना. मग बायको फरशीवर बसली आणि मास्तर खुर्चीतून हुकूम सोडू लागले. "आवळ अजून. बास, बास! आटे जातील." क्लचची वायर आखूड पडली, ब्रेकचा पाइपही पुरेना, दोन्ही लांब आणले. बायकोचे हात कोपरापर्यंत काळे झाले, मास्तरांचे मांडीवर स्वच्छ पडून होते. त्या स्वच्छ हातांची त्यांना लाज वाटली.

हँडल बसलं. मास्तर गाडीवर बसले आणि हात आपसूक मुठींवर गेले. खांदे मोकळे, पाठीला ताण नाही. बायको मागे बसली. गल्लीतून जाताना मास्तर चक्क गुणगुणत होते.

ती गल्ली मोठ्या रस्त्याला तिरकी मिळायची, त्यामुळे रस्त्यावरच्या गाड्या मागच्या बाजूने यायच्या. तिथे आरशात नुसती भिंत दिसे. मागे वळून बघण्यावाचून इलाज नव्हता. मास्तरांनी मागे बघितलं. म्हणजे ते अख्खे वळले, आणि हँडल त्यांच्याबरोबर वळलं. गाडी सरळ रस्त्यात घुसली. टेम्पोचे ब्रेक करकचले, मागोमाग शिव्यांची लाखोली. दोघांचे पाय कसेबसे जमिनीला लागले म्हणून निभावलं.

मास्तरांनी गाडी बंद केली.

"तू दाखवलं होतंस," ते म्हणाले.

"हो."

"आणि मी तुझ्यावरच खेकसलो."

ती उतरली, पुढे आली आणि गाडी ढकलत घरी न्यायला तिने हँडलला हात घातला. "सोडा आता," ती हळूच म्हणाली.

मास्तरांना सोडवेना. हात अगदी मापात बसले होते.