परक्या राष्ट्रगीताला उभं राहताना

राष्ट्रगीत राष्ट्राच्या आत्म्यातून उमटतं, असं मी अनेक व्यासपीठांवरून ऐकलं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रगीताचा आत्मा शोधायची वेळ आली, कारण आमची मुलगी तिथली नागरिक होणार होती आणि तिच्या आईला ते गाणं समजून घ्यायचं होतं.

शिकून लगेच परत येते, असं सांगून मुलगी गेली होती. नाशिकरोडच्या घरातली तिची खोली अजून त्याच बोलीवर रिकामी आहे.

"एक वकील कैद्याला सोडवायला शत्रूच्या, म्हणजे इंग्रजांच्या जहाजावर गेला," मी वाचलेलं सांगितलं. "त्यांनी त्यालाच रोखून धरलं. रात्रभर किल्ल्यावर तोफगोळे पडले. उजाडताना आपला झेंडा दिसतोय का, हे तो बघत होता. तेच हे गाणं. पहिलं कडवं प्रश्नावरच संपतं."

"सोडवायला गेला आणि स्वतःच अडकला. आपल्या पोरीसारखंच की."

"तिला कुणी अडकवलेलं नाही."

"तेच तर," बायको म्हणाली.

शपथेचा समारंभ आमच्या संध्याकाळी होता. बायकोनं इस्त्रीची साडी नेसली. मुलीनं सभागृहातून व्हिडिओ कॉल लावला, तो आम्ही टीव्हीवर घेतला. गाणं सुरू झालं तशी बायको टीव्हीसमोर सावधानमध्ये उभी राहिली. मग मलाही राहावं लागलं. सायखेड्याच्या शाळेत तिनं सगळी नोकरी मुलांकडून राष्ट्रगीत म्हणवून घेण्यात घालवली होती. त्यामुळे शेवटचा सूर थांबताच तिच्या तोंडून मैदानावरच्या आवाजात निघालं,

"भारतमाता की..."

टीव्हीतून मुलीचं हळूच "जय" आलं. मग घाईघाईत, "अगं आई, लोक बघतायत!"

एवढं बोलून तिनं फोन खुर्चीवर ठेवला आणि शपथेला उभी राहिली. आम्हाला फक्त छत दिसत होतं. जुन्या देशाची निष्ठा सोडल्याचं वाक्य मला तिच्या आवाजात नीट ऐकू आलं.

"काय म्हणाली?" बायकोनं विचारलं.

"कायदे पाळीन म्हणाली."

"पाळेल. पहिल्यापासून शिस्तीची आहे." तिनं डोळे पुसले आणि दिवा लावायला गेली.

त्या गाण्याचे शब्द तिला येत नाहीत, चाल तेवढी पाठ झाली आहे. मुलीची खोली झाडताना ती गुणगुणते. तिच्या माहेरी दारूचं नावही काढत नाहीत, म्हणून एक गोष्ट मी सांगितलेली नाही. ती चाल मुळात लंडनच्या एका क्लबाची आहे. सभासदांना संगीत आवडायचं, आणि वाईन.