भांगातली जळजळ

"ही छिद्रं दिसतायत ना, इथे केस येऊ शकतात. आणि या भागात छिद्रंच उरली नाहीत."

यवतमाळच्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी मोबाइलला छोटं भिंग लावून माझ्या भांगाचा फोटो काढला होता. केसांच्या बुडाशी पांढरी खपली, भोवती लाली, आणि मधोमध गुळगुळीत, कोरी कातडी. आजाराचं नाव स्कारिंग अलोपेशिया. यात आतली सूज केसांची मुळंच मारते आणि तिथे व्रण राहतो. खात्रीसाठी त्यांनी बायोप्सी केली, म्हणजे कातडीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. निदान तेच आलं.

वर्षभर माझ्या भांगात जळजळ होत होती. मी नेरला घरीच ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकांनी सांगितलेली सगळी तेलं लावून पाहिली. कांद्याचा रस लावला तेव्हा तर रडूच फुटलं. नवरा म्हणाला, बाळंतपणानंतर सगळ्यांचेच गळतात. आमचा मुलगा तेव्हा शाळेत जात होता.

डोक्यात इंजेक्शनं सुरू झाली. दुखतात, खोटं कशाला सांगू? दर खेपेला मॅडम आधीचा फोटो शेजारी ठेवून दाखवत. दुसऱ्या खेपेला चट्टा वाढलेला निघाला. परतताना एसटीत मी ओढणी तोंडावर घेऊन बसले.

राळेगावची माझी मोठी जाऊ भेटायला आली. तिच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. सगळे तिला मर्यादेची बाई म्हणत. माझं ऐकून तिने पदर आणखी पुढे ओढला.

"मायेबी केस गेले," ती म्हणाली. "पदर हाये म्हणून कोणाले दिसलं नाही."

पुढच्या खेपेला तिला सोबत नेलं. तिच्या फोटोत केस विरळ, बारीक झालेले होते, पण छिद्रं शाबूत होती. औषधाने फरक पडेल, मॅडम म्हणाल्या. मला आनंद झाला. हेवाही वाटला.

माझा चट्टा आता वाढायचा थांबलाय. गेलेले केस येणार नाहीत, हे रोज सकाळी भांग पाडताना नव्याने कळतं. पण कुणी मापाला आली आणि डोकं खाजवताना दिसली, तर मी विचारते. तुम्हालाही सांगते, जळजळ असेल तर तेलं बदलत बसू नका, डॉक्टरांना डोकं दाखवा.

जावेला दाखवून परतताना, त्या दिवशी बसस्टँडवर ती म्हणाली, "मायी वेळ हाये अजून. तुयी गेली. तरी तू मले घेऊन आली."

तिने माझा हात धरला, तो बस लागेपर्यंत सोडला नाही.