मावशीचं तापलेलं पिंप

अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात माझ्या मावशीइतकी हट्टी बाई दुसरी नाही, आणि असलीच तर ती हिच्याच हाताखाली शिकलेली असणार. सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाली ती फक्त कागदोपत्री. घरातली प्रत्येक वस्तू तिला पेशंट वाटते. विरजणाला वारा लागू देत नाही, मिक्सर कुरकुरला की त्याला विश्रांती देते. काकांनी मात्र पोट दुखतंय म्हटलं की "नाटकं बंद करा" म्हणून उठून जाते. खरे पेशंट तिने आयुष्यभर पाहिलेत, त्यामुळे काकांवर तिचा विश्वास नाही.

तिचं खरं वेड म्हणजे बोंडूची, काजूच्या फळाची, वाइन. परवाना आहे, विचारायच्या आधीच सांगते. तो मिळवताना आम्हा दोघींच्या चपला झिजल्या. काजूची बी पिरगळून घ्यायची आणि रसाळ बोंडू झाडाखाली सडायला टाकायचं, ही आमच्या वाडीची रीत. याविरुद्ध मी पत्रकं काढली. लोकांनी त्यांत सुके बोंबील बांधले. वाइन म्हटलं की हे लोक नाकं मुरडणार, आणि गोव्याहून येताना बाटली टॉवेलात गुंडाळून आणणारेही हेच. मावशी वाद घालत नाही. "आधी करून दाखवते," म्हणते, "मग बघू कोण बोंडू फेकतं."

आजवर ती बरणीत करायची, बरणी फ्रीजात मावायची. यंदा तिने मोठं पिंप भरलं आणि वाडीतल्या बायकांना सांगून टाकलं: हे साधलं तर पुढल्या हंगामात तुमची बोंडं मी विकत घेईन, नासलं तर या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही. आता आंबणारा रस स्वतःच तापतो. बरणीतली ऊब निघून जाते, पिंपाच्या पोटात ती कोंडते, वर आमचा उन्हाळा. फार तापलं की चव बिघडलीच. मावशीने पिंप मागीलदारच्या अंधाऱ्या खोलीत पाण्याच्या टबात ठेवलं, ओलं गोणपाट गुंडाळलं, पंखा लावला आणि टबात सोडायला बर्फाच्या बाटल्या करण्यासाठी फ्रीजातली सुरमई बाहेर काढली.

"फ्रीज माशांचा की बाटल्यांचा?" काकांनी विचारलं.

"पेशंटचा."

एका फ्रीजाने भागेना. मावशीने मासेवाल्याला फोन लावला आणि तिच्या दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "पेशंटचा ताप उतरत नाहीये रे, बर्फ पाठव." वाडीला तेवढं पुरलं. दुपारी शहाळी आणि पेज घेऊन बायका दारात. पडवीत काका पेपर वाचत बसलेले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "उठून बसलेत, म्हणजे बरं वाटतंय." आयुष्यात पहिल्यांदाच कुणी चौकशी केली म्हणून काकांनी शहाळं घेतलं आणि बारीकसं कण्हून दाखवलं.

"हे नव्हेत गो. पेशंट आत आहे," म्हणत मावशी सगळ्यांना आत घेऊन गेली. हसाहशी झाली. वहिनींनी मात्र गोणपाट सारून पिंपाला हात लावला आणि हसायच्या थांबल्या. "बाय गो, ह्याला खराच ताप हाय. माझ्या फ्रीजात वरचा कप्पा रिकामा हाय, दोन बाटल्या ठेवतंय." मग दुसरी म्हणाली, माझ्याकडे चार. संध्याकाळपासून वाडीतल्या प्रत्येक फ्रीजात आमच्या बाटल्या गोठू लागल्या, आणि येता-जाता जी ती विचारू लागली, "कसा हाय पेशंट?" मला हे अजून पचलेलं नाही. नासाडी, हक्क, रोजगार, सगळं मुद्देसूद छापून झालं होतं. या बायांना हलवलं ते कुणीतरी आजारी आहे या बातमीने. पुढचं पत्रक मी त्याच शब्दाने सुरू करणार, कुणाला आवडो न आवडो.

पिंप साधलं. स्टीलच्या फुलपात्रांतून सगळ्यांनी चव घेतली. "औषधासारखी लागते," वहिनी म्हणाल्या, आणि फुलपात्र पुढे करून, "अजून वाईच दे. नि माझी बोंडं घेशील ना?"

मावशीने "घेईन" म्हणत त्यांचं फुलपात्र पुन्हा भरलं. बायका गेल्यावर आम्ही दोघी मागीलदारी उभ्या राहिलो. वाडीभर फेकलेल्या बोंडांचा सडका वास यंदाही येत होताच. एका पिंपात कितीशी मावणार? "पुढल्या वर्षी तीन पिंपं लावू," मावशी म्हणाली. थंड पाण्यात राहून तिची बोटं सुजली होती, पदराच्या टोकाची गाठही तिला सुटत नव्हती. ती मी सोडवली. तिने सोडवू दिली, याचंच मला जास्त वाईट वाटलं.