बारुदखान्याची हद्द

धरणाच्या कामावर मातीचे ढीग पडतात तसे किश्शांचेही पडतात. मातीचं माप घेतात, ती उचलली जाते. किस्से मात्र ओव्हरसियरच्याच डोक्यावर राहतात! मित्र म्हणतात, "वानखडे, हे तू हसत काऊन सांगत नाहीस बे?" कसं हसू? मला अजून राग येतो!

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. वरवट बकालच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका लहान धरणाचं काम निघालं. दगड फोडायला सुरुंग, सुरुंगाला बारूद, आणि बारूद ठेवायला जागा. पक्की खोली, भोवती मुरमाड मातीचा उंच बांध, त्याभोवती काटेरी तार, एकच फाटक आणि फाटकावर पहारेकरी. हे सगळं आखून बांधून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. सरकारी भाषेत त्याला 'मॅगझिन' म्हणत. मी घरी पत्रात तसंच लिहिलं, तर वडील गावभर सांगत सुटले, "आमचं पोट्टं पुस्तकं छापून राह्यलं!"

*

मी जागा निवडली ती दूरची, बोडक्या टेकडीवरची. जवळ ना घर, ना शेत. आमचे डेप्युटी इंजिनियर साहेब पुण्याचे. ते नकाशा पाहून म्हणाले, "वानखडे, एवढ्या लांब रोज कोण जाणार?"

"साहेब, लांब असावी म्हणूनच तर ती जागा धरली."

साहेबांनी खाणीजवळ बोट ठेवलं. "इथे बांधा."

"तिथं मजुरांच्या झोपड्या आहेत, साहेब. बायका-लेकरं राहतात."

साहेबांनी चष्मा लावला, नकाशा उजेडात धरला आणि विचारलं, "कुठे आहेत? मला तर दिसत नाहीत!"

झोपड्या नकाशात काढतो कोण! साहेबांनी सही केली. बारुदखाना झोपड्यांच्या उशाशी उभा राहिला.

*

तार तीनच बाजूंना झाली. चौथ्या बाजूची म्हणे पुढच्या वर्षी मंजूर होणार! फाटक मात्र दणकट, त्याला कुलूपही दणकट.

तपासणीला वरिष्ठ साहेब आले, तेव्हा किल्ली स्टोअरकीपरजवळ आणि स्टोअरकीपर पिंपळगाव राजाला सोयरिकीला गेलेला! जीप पाठवली. तोवर आम्ही सगळे उन्हात फाटकासमोर उभे. आतमध्ये एक गाय निवांत चरत होती. मधूनमधून मान वर करून आमच्याकडे पाहत होती.

मी हळूच म्हटलं, "साहेब, मागून जाता येतं."

वरिष्ठ साहेब माझ्यावरच कडाडले, "मागून? मिस्टर, ही प्रतिबंधित जागा आहे!"

किल्ली आली, फाटक उघडलं, आम्ही रीतसर आत गेलो. आणि शेरा काय मिळाला? 'प्रवेशावर उत्तम नियंत्रण.'

*

फाटकावर महादेव नावाचा पहारेकरी होता. मूळचा दुसरबीडकडचा, बोलायला फटकळ. आत जाणाऱ्यानं काडीपेटी, बिडी, चिलीम त्याच्याजवळ ठेवून जायची, असा नियम. महादेव सगळ्यांचे खिसे चाचपायचा. माझेही.

एकदा आमचे साहेब ठेकेदाराला घेऊन आले. साहेबांच्या बोटांत सिगारेट, पेटलेली! महादेव आडवा झाला.

"साहेब, ते अगोदर इझवा."

"तू मला ओळखत नाहीस?"

"तुमाले वळखतो जी. पन बारुदीले हुद्दा नाही समजत!"

ठेकेदार फस्सकन हसला, आणि महादेवचं नशीब तिथंच फिरलं. दुसऱ्याच दिवशी त्याची बदली नदीकाठच्या पंपावर. वर नवा हुकूम आला की अधिकाऱ्यांची झडती घेऊ नये. मी तोंड उघडलं, तर साहेब म्हणाले, "शिस्त नावाची काही गोष्ट असते, वानखडे!"

सिगारेट कोणाची होती? शिस्त कोणाची मोडली? आणि पंपावर कोण गेलं? सांगा तुम्हीच!

*

याहून संताप आला तो बांधाचा. बारुदखान्याभोवतीचा तो बांध काही शोभेचा नव्हता. उद्या काही झालंच, तर स्फोटाचा मारा त्या मातीनं झेलायचा आणि झोपड्या वाचवायच्या, एवढ्यासाठी तो होता. मी स्वतः उभं राहून तो थरावर थर ठोकून घेतला होता.

तेवढ्यात मंत्री येणार असल्याची वर्दी आली. रस्त्यावर खड्डे, मुरूम लागणार. मी दोन दिवस शेगावला गेलो होतो. येऊन पाहतो तर बांधाची झोपड्यांकडची बाजू गायब! गाड्या भरभरून मुरूम रस्त्यावर नेला होता.

मी धावत ऑफिसात गेलो. "साहेब, आता आड काहीच राहिलं नाही!"

"मंत्री गेले की पुन्हा बांधू."

मंत्री आलेच नाहीत. बांधही परत झाला नाही.

*

बारुदखाना शेवटी बोडक्या टेकडीवर गेला. पण माझ्या अर्जांनी नाही हो! तो गेला गोदाबाईमुळे.

गोदाबाई खाणीवर खडी फोडायची. झोपड्यांतल्या बायका तिचं ऐकत. नागपूरहून स्फोटकांचे इन्स्पेक्टर आले, त्यांनी झोपड्या पाहून कपाळाला हात लावला आणि बजावलं, "या हद्दीत वस्ती दिसता कामा नये." साहेबांनी काय करावं? बारुदखाना हलवला नाही. झोपड्यांसमोर बोर्ड ठोकला! 'या हद्दीत वस्ती करण्यास व विस्तव पेटवण्यास सक्त मनाई आहे.'

गोदाबाईनं मला तो वाचायला लावला.

"मंग आमी जावं कुठी, भाऊ?"

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "ते त्यांचं ते बघतील."

मी तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "बरं. पाह्यतो आमचं आमी."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या बंगल्यावरून बोलावणं आलं. पळतच गेलो. पाहतो तर अंगणभर बांबू, तट्टे, पत्रे, कोंबड्या, जाती, पाळण्यातली लेकरं! गुलाबाच्या वाफ्यात गोदाबाई पहारीनं खांबाचा खड्डा घेत होती. साहेब पायरीवरून ओरडत होते.

"हे काय चालवलंय? चालते व्हा! ही सरकारी जागा आहे!"

"ते बी सरकारीच होती न, साहेब."

"इथे राहायला मनाई आहे!"

गोदाबाईनं पहार टेकवली आणि कुंपणावरून नजर फिरवली. "बोर्ड तं नाई दिसत कुठी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुलाबांकडे पाहिलं.

एवढ्यात साहेबांच्या बाई दारात आल्या. गोदाबाईनं पदर सावरला, तीन दगड जोडून मांडलेल्या चुलीकडे बोट केलं आणि अगदी अदबीनं म्हणाली,

"बाईसाहेब, जरासा इस्तो द्या न चुलीले. अठी तं चालते न पेटवलं?"