हातगाडीवरचे सुभेदार

लग्नानंतर कितीतरी वर्षं आमचा संसार सुट्टीपुरताच होता. हे फौजेत, मी गावात. वर्षातून एकदा यायचे, ओट्यावर काळी ट्रंक टेकवायचे, पोरांना गोळ्या-बिस्किटं वाटायचे, आणि मला यांची जरा सवय होते न होते तोच परतीची गाडी. सुभेदार होऊन पेन्शनीवर आले त्या दिवशी गावाने ताशा लावला, गुलाल उधळला. दारात ओवाळताना मी मनात म्हटलं, झालं एकदाचं. पोरं आपापल्या संसाराला लागली, आता हा माणूस माझा.

दुसऱ्या दिवशी उठून बघते तर खाटेवर पांघरुणाची चौकोनी घडी आणि माणूस गायब. शाळेत गेले होते.

आमचं गाव पाथर्डीकडच्या कोरड्या पट्ट्यातलं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. पोरं एक तर आईबापाबरोबर उसाच्या फडावर, नाहीतर गावात आजीपाशी. आजीला दिसत नाही, आजोबाला ऐकू येत नाही, मग त्या पोरांना शाळेत धाडणार कोण? आमचे हे! सकाळी शिट्टी घेऊन गल्लीगल्लीतून फिरायचे, पोरांना उठवायचे, शेंबूड पुसायचे, नखं तपासायचे, वेण्या घालायचे. हो, वेण्या! स्वतःच्या लेकीची वेणी जन्मात घातली नाही, पण शाळेतल्या पोरींच्या इतक्या घट्ट घालायचे की दुपारपर्यंत त्यांच्या भुवया कपाळावर चढलेल्या असायच्या. शाळेचा संडास धुणं, टाकी भरणं, झाडांना आळी करणं, सगळं यांच्याकडे. आणि रसद माझ्या घरातून. आधी बादली गेली, मग सतरंजी, मग माझं मोठं पातेलं, आणि एक दिवस भिंतीवरचा आरसा.

"अहो, आरसा कशाला?"

"पोरांना भांग पाडाया लागतो."

"मग मी कुकू कशात बघून लावू? ताटात?"

"ताट नीट घासलं तर दिसतंय की."

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी मोहट्याच्या देवीला साकडं घातलं, आई, या माणसाला थोडे दिवस घरात बसव, तुझी ओटी भरीन. देवी माझं लगेच ऐकते असा अनुभव नाही, पण यावेळी तिने भलतंच मनावर घेतलं. हे शाळेच्या टाकीवरून उतरताना शिडीवरून घसरले आणि पाय प्लॅस्टरमध्ये गेला. डॉक्टरांनी सांगितलं, अजिबात हलायचं नाही. मला वाईट वाटलं. पण दवाखान्यातून टेम्पोने येताना आतून जरा बरंही वाटत होतं.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. यांनी खाट स्वयंपाकघराच्या दारात ओढून घेतली आणि माझ्यावर नजर ठेवून बसले.

"ह्यो डबा इथं का?"

"तो तिथंच असतो."

"कुनाच्या आर्डरनं?"

मी दळण आणायला गेले तेवढ्यात यांनी शेजारणीच्या सुनेला हाताशी धरून सगळे डबे मांडणीवर परेडला उभे केले. लंबा दाहिने, छोटा बाएँ. मिठाचा डबा माझ्या साखरेच्या जागी, साखर पार सोड्याच्या पलीकडे. त्याच दुपारी गावातल्या बायका यांना बघायला आल्या. चहात साखर घालताना हात सवयीने जातो तिथेच गेला. पहिल्या घोटाला सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं. आमच्याकडे आजाऱ्याच्या घरच्या चहाला नावं ठेवत नाहीत, म्हणून बिचाऱ्यांनी कप रिकामे केले. जाताना एका म्हातारीने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"लई काळजी करू नगं बाई. मान्सानं किती रडावं? पार च्यात पडंस्तवर?"

हे खाटेवर पोट धरून हसत होते. मी दोन दिवस बोलले नाही.

अबोला सुटला तोही चहानेच. मी दोघांचे कप भरले, साखर यांच्याच कपात घातली, तर हे माझ्या कपात वाकून बघतात.

"तू बिनसाखरंचा पितीस व्हय?"

मी पहिल्यापासून बिनसाखरेचाच पिते. मग हेही हळूच बोलले, की यांना कारलं मुळीच आवडत नाही. आणि मी दर सुट्टीत, लांबून आलेत म्हणून, हौसेने कारल्याची भाजी करायची! हे मुकाट्याने दोनदा वाढून घ्यायचे. आम्ही खूप हसलो. पण रात्री मला झोप येईना. एवढी वर्षं एका घरात दोन पाहुणे राहिले म्हणायचे. आता कुठे बोलायला लागलोय, पाय बरा झाला की हा माणूस पुन्हा शाळेचा होणार, आणि मी पुन्हा एकटी. मला खरंच भीती वाटली.

तिकडे शाळेचे हाल. उठवणारं कुणी नाही म्हटल्यावर पोरं दिवसभर गोट्या खेळू लागली. यांच्या कानावर गेलं. एका सकाळी न राहवून यांनी खाटेवरूनच जोरात शिट्टी मारली. गाव ते केवढं! बघता बघता अख्खी शाळा आमच्या अंगणात रांगेत उभी. पोरांनी प्रार्थना म्हटली, पाढे सुरू केले. शेळीने एकाची वही खाल्ली. माझ्या वाळवणावर पहिलीचा वर्ग बसला. थोड्या वेळाने हेडबाई धापा टाकत आल्या.

"काकू, माझी शाळा इकडे आलीय का हो?"

यांनी हुकूम सोडला, "शाळेत चला!" पण पोरं जागची हलेनात. सुभेदार बाबा आले तरच येणार म्हणे. आता हे माझ्याकडे बघायला लागले. हात मात्र कुबडीकडे.

"पडा अजून!" मी ओरडले. "दुसरा पाय हायेच की!"

मग शेजाऱ्याची भाजीची हातगाडी आणली, तिच्यावर गोधडी टाकली, यांना चढवलं आणि निघाले ढकलत. मागे पोरं लेफ्ट-राइट करत. पारावरच्या एकाने विचारलंच.

"काकू, काय भाव दिला?"

"फुकट ने. पन परत घेनार न्हाई!"

शाळेत लिंबाखाली खुर्ची टाकून यांना बसवलं. यांचा चेहरा फुलला. देवीकडे मागून मिळालेला नवरा मीच माझ्या हाताने परत पोचवला होता. "येते," म्हटलं आणि गाडी वळवली.

तेवढ्यात मागून यांचा आवाज आला. खुर्चीचा हात धरून एका पायावर उभे राहिले होते, आणि हेडबाईंना कडक सलाम.

"म्याडम, दुपारपास्नं छुट्टी पायजे. आजच न्हाई, रोजची."

बाई गोंधळल्या. "अहो बाबा, तुम्ही काय नोकरीला आहात? केव्हाही जा की."

"न इचारता ड्युटी सोडायची सवय न्हाई."

"बरं बाई, दिली. पण कारण काय?"

हे माझ्याकडे न बघता, समोर नजर ठेवून म्हणाले, "घरी बायकू हाय. तिची अजून नीट वळख व्हायची हाय."

पोरं खिदळली, बाईंनी तोंडाला पदर लावला. मला त्या माणसाचा इतका राग आला, इतका राग आला, की रिकामी गाडी ढकलत घरी येईपर्यंत डोळ्यांचं पाणी काही खळेना.