टायरखालची लिंबं

सेकंडहँड मारुतीचे टायर पार गुळगुळीत झाले, तेव्हा बाबांना घेऊन उल्हासनगरला गेलो. सिंधी दुकानदाराने नवे टायर बसवले आणि न विचारताच चारही चाकांखाली लिंबं ठेवली. आम्ही बौद्ध. असल्या प्रकारांना बाबा आयुष्यभर वैतागलेले. त्यांनी वाकून लिंबं उचलली आणि खिशात टाकली.

दुकानदार म्हणाला, "अंकल, अपशकुन होगा."

बाबा म्हणाले, "शरबत होगा."

परतताना अंबरनाथच्या चौकात एका रिक्षावाल्याने पाय बाहेर काढला. इकडे हाच इंडिकेटर. पाय दिसेपर्यंत तो वळलाही होता आणि माझं दार चेपलं होतं. वर तोच माझ्यावर ओरडला. रोज कोणाकोणाशी भांडायचं? मी गाडी तशीच बुवापाड्याला घरी आणली.

आई रोज न चुकता बुद्धवंदना म्हणणारी. तिने चेपलेल्या दारावरून हात फिरवला आणि हळूच मला विचारलं, "लिंबं ठेवली नव्हती का रे?"

बाबांनी ऐकलं. खिशातली लिंबं काढून त्यांनी तिच्या हातात दिली.

आईने सरबत केलं. आम्हा दोघांना दिलं. स्वतः मात्र घेतलं नाही.